सहावे नाव
पहिल्या पाचांत खेळणाऱ्याने बेंचवर बसणे स्वीकारावे काय? : एक अभ्यास

सामना सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षक पाच नावे वाचतात. बास्केटबॉलच्या मैदानावर एका संघाचे एका वेळी पाचच खेळाडू उतरत असल्याने ती नावे ऐकताना बाराही मुलांचे लक्ष प्रशिक्षकांच्या ओठांकडे लागलेले असते. ज्याचे नाव गेली दोन वर्षे न चुकता या पाचांत आले, त्याचे नाव आज आले नाही, तर तो मुलगा काय करतो? खाली वाकून तो बुटाची नाडी पुन्हा बांधतो, कारण त्या क्षणी त्याला कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवायचा नसतो. पहाटेच्या एस.टी.ने गावाहून आलेले त्याचे वडील प्रेक्षकांत बसलेले असतात. आपला मुलगा बाकावर का बसला आहे, हे त्यांना कळत नाही, आणि शेजाऱ्याला विचारण्याचा धीर होत नाही.

स्वतःला सिद्ध केलेल्या खेळाडूने अशा वेळी काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. त्याने बाकावरची जागा स्वीकारावी, की ती आपल्या मानाला बाधा आणणारी आहे असे समजून नाकारावी? प्रश्न खेळाचा आहे. परंतु नोकरीत, संस्थेत आणि घरातही तो वेगळ्या रूपांत आपल्यापुढे उभा राहतो. ‘संघासाठी त्याग करावा’ हे वाक्य उच्चारायला सोपे असते. आपण जरा खोलात जाऊन विचार करू.

१. बसणे आणि वगळले जाणे

प्रथम खेळाची रचना समजून घ्यावी लागेल. फुटबॉलच्या स्पर्धात्मक सामन्यात बदललेला खेळाडू सहसा परत मैदानात येत नाही. बास्केटबॉलमध्ये तसे नाही. बाहेर आलेला खेळाडू पुन्हा आत जाऊ शकतो, आणि तेही कितीही वेळा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना दहा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. पाच जागा आणि ४० मिनिटे यांचा गुणाकार २०० होतो. प्रशिक्षकाच्या हाती ही २०० मिनिटे असतात आणि ती बारा खेळाडूंमध्ये वाटावयाची असतात. ज्याच्यावर पाच फाउल होतात त्याला मैदान सोडावे लागते. कोणी दमतो, कोणाचा घोटा मुरगळतो. त्यामुळे पहिले पाच जण सामना सुरू करतात इतकेच निश्चित असते. सामना कोण पूर्ण करणार, हे पुढे ठरते.

अमेरिकेत बॉस्टन सेल्टिक्स संघाचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी १९५० च्या दशकातच ही गोष्ट ओळखली होती. पहिल्या पाचांत सहज बसेल अशा फ्रँक रॅम्सी या खेळाडूला ते मुद्दाम बाकावर ठेवीत. प्रतिपक्षाचे खेळाडू दमू लागले की ताज्या दमाचा रॅम्सी मैदानात येई आणि सामन्याचा वेग बदलून जाई. पुढे जॉन हॅव्हलिचेक याने हीच भूमिका पार पाडली. तेथूनच ‘सहावा माणूस’ ही कल्पना रूढ झाली. एन.बी.ए. या व्यावसायिक साखळीने १९८२-८३ च्या हंगामापासून सर्वोत्तम सहाव्या खेळाडूसाठी स्वतंत्र पुरस्कारही ठेवला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या खेळात बाकावर बसणे आणि संघातून वगळले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तरीही त्या मुलाला वेदना होतेच, आणि ती खोटी नसते. तिचे कारण पुढील उदाहरणांत शोधू.

२. ७५८ सामन्यांनंतर

आंद्रे इग्वडाला हा एन.बी.ए.मधील नामवंत खेळाडू. २००४ साली तो फिलाडेल्फियाच्या संघात आला. २०१२ मध्ये त्याची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सुवर्णपदक विजेत्या संघातही तो होता. २०१३ मध्ये तो गोल्डन स्टेट वॉरियर्स संघात दाखल झाला. तोवर काय आणि त्या हंगामात काय, नियमित हंगामातील प्रत्येक सामना त्याने पहिल्या पाचांत सुरू केला होता. असे एकूण ७५८ सामने. त्यांतील एकाही सामन्याची सुरुवात त्याने बाकावरून केली नव्हती.

२०१४ मध्ये स्टीव्ह कर हे संघाचे नवे प्रशिक्षक झाले. त्यांनी इग्वडालाला बाकावरून खेळण्यास सांगितले आणि त्याची जागा हॅरिसन बार्न्स या तरुण खेळाडूला दिली. यामागे एक पूर्वकथा होती. बार्न्स आपल्या पहिल्या वर्षी पहिल्या पाचांत खेळत असे. इग्वडाला संघात आल्यावर त्याला बाकावर जावे लागले आणि तेथे त्याचा खेळ खालावला. म्हणजे नवे प्रशिक्षक अनुभवी खेळाडूला सांगत होते की, ज्याची जागा तू घेतलीस त्याला ती परत दे; तो तिथे फुलेल, आणि तू बाकावरून येऊनही संघाला सावरशील.

स्टीव्ह कर यांना असे सांगण्याचा अधिकार होता. त्यांनी स्वतः आपली बहुतेक कारकीर्द शिकागो आणि सॅन अँटोनियो या संघांच्या बाकावरून येऊन घडविली होती. १९९७ च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात शिकागोला विजय मिळवून देणारा फटका त्यांचाच होता. बाक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

इग्वडालाने ही सूचना मान्य केली. २०१४-१५ च्या नियमित हंगामात तो ७७ सामने खेळला. त्यांपैकी एकाही सामन्यात तो पहिल्या पाचांत नव्हता. त्याची गुणांची सरासरी ७.८ वर उतरली. हा आकडा लक्षात ठेवावा. स्वीकाराची किंमत मोजावी लागते आणि ती सर्वांना दिसेल अशी छापूनही येते. संघाने मात्र ८२ पैकी ६७ सामने जिंकले.

अंतिम मालिकेत प्रतिपक्ष होता लेब्रॉन जेम्सचा क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. तीन सामन्यांनंतर वॉरियर्स १-२ असे मागे पडले होते. चौथ्या सामन्यापूर्वी प्रशिक्षकांनी उंच मध्यस्थ खेळाडू अँड्र्यू बोगट याला बाकावर बसविले आणि त्या हंगामात प्रथमच इग्वडालाला पहिल्या पाचांत उतरविले. या सामन्यात इग्वडालाने २२ गुण केले आणि संघ १०३-८२ असा जिंकला. पुढचे दोन्ही सामनेही वॉरियर्सने जिंकले. चाळीस वर्षांनी त्या संघाला अजिंक्यपद मिळाले आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून इग्वडालाची निवड झाली. नियमित हंगामात एकही सामना सुरू न करता हा मान मिळविणारा तो पहिलाच खेळाडू.

ही कथा सांगून बहुतेक जण येथेच थांबतात आणि ‘पाहा, त्यागाचे फळ मिळाले’ असे म्हणतात. हा निष्कर्ष अपुरा आहे. समजा, वॉरियर्स मागे पडलेच नसते, तर इग्वडाला कदाचित बाकावरच राहिला असता आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान दुसऱ्या कोणाला मिळाला असता. म्हणून तो स्वीकार चुकीचा ठरला असता काय? ज्या वेळी अखेर बोगटला बसावे लागले, त्या वेळी त्याचाही सन्मान पणाला लागला नव्हता काय? स्वीकाराचे मोल पदकावरून ठरत नाही. खरे पाहिले पाहिजे ते हे की, सहा-सात महिने बाकावर बसूनही हा खेळाडू चौथ्या सामन्याच्या दिवशी तयार होता. रुसून बसलेला माणूस असा तयार राहत नाही.

३. शेवटच्या मिनिटांचा माणूस

दुसरे उदाहरण अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीचे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाने उपांत्य सामन्यात बलाढ्य अमेरिकेला हरविले आणि पुढे सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचा प्रमुख खेळाडू जिनोबिली होता. असा खेळाडू सॅन अँटोनियो स्पर्स संघात प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षे बाकावरून येत राहिला. २००७-०८ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी १९.५ गुण केले आणि सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कार मिळविला. नियमित हंगामांतील आपल्या १,०५७ सामन्यांपैकी केवळ ३४९ सामने त्याने सुरू केले. तरीही चार अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत आणि २०२२ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला. सामना अटीतटीचा झाला की शेवटच्या मिनिटांत तो मैदानात हमखास असे.

बिल वॉल्टनचे प्रकरण थोडे निराळे आहे. १९७७ मध्ये पोर्टलँडला अजिंक्यपद मिळवून देणारा आणि १९७८ मध्ये संपूर्ण साखळीतील सर्वोत्कृष्ट ठरलेला हा खेळाडू पायाच्या दुखापतींनी जर्जर झाला होता. १९८५ मध्ये तो बॉस्टनच्या संघात आला, तो राखीव खेळाडू म्हणूनच. त्या हंगामात तो ८० सामने खेळला. उमेदीच्या काळातही त्याला इतके सामने खेळता आले नव्हते. संघ १९८६ चा अजिंक्य ठरला आणि वॉल्टनला सहाव्या खेळाडूचा पुरस्कार मिळाला. बाकाने त्याचा खेळ हिरावून घेतला नाही; उलट त्याला तो परत मिळवून दिला.

४. नकाराची बाजू

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २००१ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू अ‍ॅलन आयव्हर्सन २००९ मध्ये मेम्फिस ग्रिझलीज संघात गेला. तेथे त्याला बाकावरून खेळविण्यात आले. ते त्याने मानले नाही. अवघ्या तीन सामन्यांनंतर त्याने तो संघ सोडला. काही दिवसांनी तो फिलाडेल्फियाच्या आपल्या जुन्या संघात परतला. पण त्या हंगामानंतर तो एन.बी.ए.मध्ये पुन्हा दिसला नाही.

त्याला अहंकारी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याचे शरीर तेरा वर्षे पहिल्या मिनिटापासून खेळण्याला सरावले आहे, त्याला थंड अंगाने दहा मिनिटे बसून मग एकदम वेगात शिरणे खरोखर कठीण जाते. व्यावसायिक खेळात गुणांच्या सरासरीवर पुढचा करार ठरतो, म्हणजे घरखर्चाचाही प्रश्न असतो. आणि ज्याने उंचीने लहान असूनही धिप्पाड खेळाडूंच्या गर्दीत घुसून स्वतःची जागा निर्माण केली, त्याला ती जागा सोड म्हणणे म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या झुंजीवर पाणी सोडायला सांगण्यासारखे वाटू शकते. म्हणून नकार देणाऱ्याला हिणवू नये. परंतु आयव्हर्सनपुढे तेव्हा प्रश्न होता तो वाढत्या वयाचा आणि नव्या, तरुण संघाच्या गरजेचा. त्याला बसविण्याचे कारण खेळातलेच होते. ते मान्य करणे त्याला जमले नाही, आणि त्यात खेळच त्याच्या हातून निसटला.

५. ज्या बाकाला नकारच द्यावा लागतो

येथे आपल्या मनात एक वेगळी शंका उभी राहते, आणि ती उभी राहणे रास्त आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेत वेगळे बसविले गेले, पाणवठ्यापासून दूर उभे केले गेले, त्यांच्या मुलाला ‘तू बाजूला बस’ हे शब्द साधे वाटत नाहीत. अशा घरातील वडिलांनी ‘माझ्या मुलालाच का बसविले?’ असे विचारले, तर तो प्रश्न हट्टाचा नाही; त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

म्हणून बास्केटबॉल क्षणभर बाजूला ठेवून आपल्याच भूमीतील क्रिकेटचे एक उदाहरण पाहू. पळवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे थोर डावखुरे गोलंदाज. १९११ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानात त्यांचा चेंडू सर्वांना हवा असे. पण पुण्यात चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत ते हिंदू संघातून वर्षानुवर्षे खेळले. योग्यता असूनही कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपदासाठी त्यांच्या भावांनाही डावलण्यात आले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला आणि हा जातिभेद आहे, असे उघडपणे सांगितले. पुढे बाळूंना परत बोलावून उपकर्णधारपद देण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर त्याच संघाचे कर्णधार झाले.

आयव्हर्सनचाही नकार होता आणि पळवणकर बंधूंचाही. मग त्यांत फरक कोणता? पळवणकरांना बाजूला सारण्याचे कारण खेळात नव्हते. ते जन्मात शोधले गेले होते. अशा बाकावर निमूटपणे बसणे म्हणजे संघभावना नव्हे. ते अन्यायाला दिलेले साहाय्य ठरले असते. त्यांचा नकार केवळ स्वतःच्या जागेसाठी नव्हता. त्यांच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाची जागा त्यात गुंतलेली होती.

६. तीन कसोट्या

वरील सर्व उदाहरणांवरून तीन कसोट्या हाती लागतात. आपल्याला बसण्यास सांगण्यात आले, तर खेळाडूने या तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली : कारण खेळातले आहे काय? प्रतिपक्षाची रचना, सहकाऱ्याची वाढ, दुखापत, दमसास, शिस्त ही खेळातली कारणे होत. जात, गाव, ओळख, वशिला, आडनाव ही खेळाबाहेरची. पहिल्या प्रकारचे कारण कडू लागले तरी पचवावे; दुसऱ्या प्रकारचे कितीही गोड शब्दांत सांगितले तरी स्वीकारू नये.

दुसरी : कारण समोर बसून सांगितले गेले काय, आणि नवे काम कोणते ते स्पष्ट केले काय? येथे एक कबुली द्यावीशी वाटते. अनेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेच्या संघाचे काम पाहत असे. आमच्या सर्वात भरवशाच्या मुलाला एका स्पर्धेत मी पहिल्या पाचांतून काढले. कारण चांगले होते. दुसऱ्या फळीत चेंडू सांभाळणारे कोणीच नव्हते आणि तो आत गेला की ती फळी उभी राहील, अशी माझी अटकळ होती. पण मी ते त्याला सांगितले नाही. यादी फलकावर लावली आणि निघून गेलो. मुलाने ती वाचली, स्पर्धा संपेपर्यंत जे सांगितले ते केले आणि पुढच्या वर्षी खेळायला आला नाही. माझा निर्णय योग्य होता. माझे वागणे अयोग्य होते. पाच मिनिटांच्या संभाषणाने जे वाचले असते, ते मी गमावले. ज्याला बसवायचे त्याला त्याचे कारण समजण्याचा हक्क आहे, हे मी त्या मुलाकडून शिकलो.

तिसरी : परतीचा मार्ग उघडा आहे काय? इग्वडाला सात महिन्यांनी पहिल्या पाचांत परतला, तो खेळाच्या गरजेमुळे. जेथे सराव, तयारी आणि कामगिरी पाहून जागा पुन्हा मिळू शकते, तेथील बाक ही एक जबाबदारी असते. जेथे कितीही केले तरी जागा मिळणारच नाही असे आधीच ठरलेले असते, तेथील बाक हा निव्वळ बहिष्कार होय.

तिन्ही कसोट्यांचे उत्तर होकारार्थी असेल, तर सिद्ध खेळाडूने बाक स्वीकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो मनापासून स्वीकारावा. अर्ध्या मनाने बसणारा खेळाडू संघाच्याही कामाचा राहत नाही आणि स्वतःच्याही. पहिल्या कसोटीचे उत्तर नकारार्थी असेल, तर पळवणकर बंधूंप्रमाणे कारण सांगून, ताठ मानेने, उघडपणे नकार द्यावा. आणि कारणच कळले नसेल, तर रुसण्यापूर्वी आणि वडिलांना फोन करण्यापूर्वी प्रशिक्षकांकडे जाऊन शांतपणे विचारावे : ‘सर, माझ्याकडून आता कोणती अपेक्षा आहे?’ या एका प्रश्नाने निम्मे गैरसमज मिटतात.

७. बाकावरचा अभ्यास

स्वीकार म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. बाकावरून सामना वेगळा दिसतो. प्रतिपक्षाचा कोणता खेळाडू नेहमी उजवीकडेच वळतो, कोणाचे पाय जड झाले आहेत, आपल्या बचावात फट कोठे पडते, हे पहिल्या दहा मिनिटांत टिपून ठेवणारा सहावा खेळाडू आत जातो तेव्हा तो मैदानातील इतर नऊ जणांपेक्षा अधिक जाणता असतो. अंग गरम ठेवणे, परतणाऱ्या सहकाऱ्याला पाणी देताना त्याला पाहिलेली एक गोष्ट सांगणे, ज्याला आपली जागा मिळाली त्याने चांगला पास दिला तर प्रथम आपण टाळी वाजविणे, ही सर्व त्या भूमिकेतील कामे आहेत. शेवटचे काम सर्वात कठीण आहे. निवासी शाळेत ज्याला आपली जागा मिळाली, तोच रात्री शेजारच्या खाटेवर झोपतो आणि सकाळी एकाच पंगतीत जेवतो. त्याच्याशी अबोला धरून वर्ष काढता येत नाही. आणि अबोला न धरता वर्ष काढता आले, तर जे शिकायला मिळते ते पुढे जन्मभर उपयोगी पडते.

पालकांनाही एक विनंती. सामना संपल्यावर ‘किती वेळ खेळलास?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘आत गेलास तेव्हा काय बदललेस?’ असे विचारावे. मात्र मुलाच्या उत्तरातून खेळाबाहेरच्या कारणाचा वास आला, तर गप्पही बसू नये. संस्थेकडे विचारणा करण्याचा आपला हक्क आहे, आणि उत्तर देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

लेखाच्या आरंभी बुटाची नाडी बांधत बसलेला तो मुलगा अजून बाकावरच आहे. पाच नावे वाचून झाली आहेत. जर प्रशिक्षकांनी आदल्या संध्याकाळी त्याला बोलावून कारण सांगितले असेल, तर तो नाडी बांधून मान वर करील आणि मैदानाकडे पाहू लागेल. दुसऱ्या भागात त्याला आत जायचे आहे, आणि तोवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या संघात, कार्यालयात किंवा मंडळात तुम्हाला कधी मागे बसावे लागले काय? त्याचे कारण कामातले होते की कामाबाहेरचे, हे तुम्ही कशावरून ठरविले?

२. इग्वडालाला अंतिम मालिकेत संधी मिळाली नसती, तरीही त्याचा निर्णय योग्य ठरला असता काय? आपले मत कारणांसह मांडा.

३. आयव्हर्सनचा नकार आणि पळवणकर बंधूंचा नकार यांतील साम्य व भेद सांगा.

४. तुम्ही प्रशिक्षक असाल, तर सर्वात भरवशाच्या खेळाडूला बाकावर बसविताना त्याला कोणत्या शब्दांत सांगाल? ते शब्द प्रत्यक्ष लिहून पाहा.